शिळं पाणी

माझ्या मोठ्या जाऊबाई लातूरहून पुण्याला आमच्याकडे राहायला आल्यात. सकाळी नेहमीप्रमाणे मी कालचं प्यायचं पाणी ओतून द्यायला कळशी कलती केली, तर त्यांनी घाईने खाली पातेलं धरलं.

"शिळं आहे ते, ताई," मी म्हणाले.

"आमच्याकडं आठ दिवसांनी नळ येतो. पाणी शिळं होत नाही गं," त्या हसून म्हणाल्या.

पुणं आणि लातूर यांची तुलना निघाली की आम्ही रस्ते, शाळा, दवाखाने यांवर बोलतो. कळशीपर्यंत कधी आलोच नव्हतो. आम्ही दोघी एकाच घरच्या सुना, पण ताजं कशाला म्हणायचं, हे दोघींचं वेगळं.

मी त्या पातेल्यातलंच पाणी भांड्यात घेऊन त्यांना दिलं. त्या सावकाश प्यायल्या.

"गोड आहे गं तुमचं पाणी," म्हणाल्या.