साडूभाऊंच्या अंगातली वीज

आमच्या थोरल्या साडूंइतका स्वतःच्या शरीरावर खूश असलेला माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा सापडायचा नाही. शरीर म्हणावं तर दाखवण्यासारखं काही नाही. उंची बेताची, खांदे पडलेले, आणि सदरा असा लोंबायचा की आत कुणी आहे की नाही अशी शंका यावी. पण चहाचा कप उचलला की हे गृहस्थ आधी स्वतःच्या हाताकडे बघत. "साडूभाऊ, मी नुसतं मनात आणलं, आणि हा बघा, हात निघाला!" नातवाने पहिलं पाऊल टाकल्यावर आजोबांचा चेहरा जसा होतो, तसा त्यांचा चेहरा रोज दोनदा चहाच्या वेळी होत असे.

जळगावच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर वर्ग गेला, पण तास संपला नाही. तो आम्हा नातेवाइकांवर सुरू झाला. कुणाच्या पायाचा अंगठा उंबऱ्याला आपटला, तर बाकीचे लोक "लागलं का?" म्हणत. हे विचारत, "आधी काय समजलं? आपटल्याचं की दुखल्याचं?" मग तो बिचारा अंगठा धरून कळवळत असताना ते समजावून सांगत, की आपटल्याची बातमी जलद तंतूंवरून मेंदूकडे धावते आणि दुखण्याची बातमी सावकाश तंतूंवरून मागून रमतगमत येते. फैजपूरहून आलेली केळी ते मीठ लावून खात. "पेशीच्या आत पोटॅशियम, बाहेर सोडियम. अंगातली सगळी वीज या दोघांच्या ये-जा करण्यावर चालते. दोघांचा मान नको का ठेवायला?" तो मान ठेवताना त्यांचं तोंड वाकडं व्हायचं, पण केळं संपवायचेच.

साडूंच्या पुतणीला बघायला मुलगा आला, तेव्हा तर कमाल झाली. मुलगा पायावर पाय टाकून, अंग चोरून बसलेला. साडूंनी पोह्यांचा चमचा उलटा धरला आणि त्याच्या गुडघ्याच्या वाटीखाली अलगद टोला दिला. पाय उडाला, पोह्यांची बशी उडाली, मुलाच्या वडिलांच्या धोतरावर कांदा-कोथिंबीर पडली. साडू मात्र प्रसन्न. "मुलगा चांगला आहे! पाय मेंदूची वाट न बघता पाठीच्या कण्याच्या हुकमावरच उडाला!" नशीब, मुलाला हसू आलं. लग्न जमलं.

ते लग्न मुक्ताईनगरला झालं. तिथे त्यांनी मांडवातल्या पाहुण्यांना खुर्च्यांवर रांगेत बसवलं. शेजारचा उठून बसला की आपण उठून बसायचं, एवढाच नियम. या टोकाच्या काकांनी सुरुवात केली आणि उठण्या-बसण्याची लाट त्या टोकाच्या मावशीपर्यंत पोचली. "बघा! काका मावशीकडे गेले का? नाही! प्रत्येक जण जागच्या जागी, आणि निरोप मात्र पोचला. तंतूमधून वीज अशी जाते. सोडियम आत, पोटॅशियम बाहेर, लगेच शेजारी तेच." अक्षता टाकायची वेळ झाली तरी लाटा चालूच. शेवटी त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या अक्काने, येऊन त्यांचा दंड धरला. अक्का पारोळ्याची. वैतागली की तिच्या तोंडी माहेरची बोली येते. "बठ्ठं समजनं माले. आते चाला!" म्हणजे सगळं समजलं, आता चला.

मागच्या वर्षी त्यांना साधा ताप आला आणि उतरला. त्यानंतर काही दिवसांनी पावलांना मुंग्या येऊ लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला धुळ्याला फोन करून त्या मुंग्यांचं कौतुकाने वर्णन केलं. दुसऱ्या दिवशी फोन अक्काचा होता. "खुर्चीवरून उठता येत नाही त्यांना. लवकर या."

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा त्यांची तपासणी चालली होती. डॉक्टरीणबाई हाता-पायांना विजेचे बारीक झटके देत होत्या आणि पडद्यावर रेघ उमटत होती. आयुष्यभर ज्या विजेबद्दल बोलले, ती साडूंना पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसत होती. हाताची रेघ टेकडीसारखी वर आली, तसे ते हरखले. मग पायाची आली. ती उशिरा आली आणि जेमतेम उंचावली. ते पडद्याकडे बघत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी अक्काला समजावलं, की तापाशी लढता लढता शरीराने चुकून स्वतःच्याच तंतूंवरचं आवरण खरवडलंय, म्हणून निरोप रेंगाळतायत. आवरण पुन्हा धरेल, पण वेळ लागेल. "दुखणं वर छातीपर्यंत चढलं, तर श्वासाला त्रास होईल. तेवढं जपायचं."

ते कमरेपर्यंत चढलं. अक्का पलंगाशी बसून त्यांच्या छातीचं वर-खाली होणं बघत राहायची. मी काही बोललो तर हाताने थांबवायची. साडू छताकडे बघत पुटपुटत, "हल. हल ना." ते पायाशी बोलत होते. एकदा मला म्हणाले, "साडूभाऊ, मी मनात आणतोय हो. अगदी मनापासून आणतोय."

दुखणं तिथेच थांबलं. छातीपर्यंत गेलं नाही. पुढे कितीतरी आठवडे काहीच झालं नाही, आणि मग एका सकाळी अक्का चादर झटकत असताना डाव्या पायाचा अंगठा हलला. त्यांना कळलंच नव्हतं, अक्कानेच पाहिलं. ती चादर हातात धरून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "पुन्हा करा." त्यांनी केलं.

घरी आल्यावर आम्ही दोघांनी धरून त्यांना ओसरीत उभं केलं. अनवाणी पाय फरशीवर टेकले. ते बराच वेळ खाली बघत होते. "गार आहे," एवढंच म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

आता काठी घेऊन फिरतात. बोलणं मात्र कमी झालंय. गेल्या महिन्यात गेलो, तेव्हा दोघं पायरीवर बसली होती. अक्का त्यांच्या तळव्याला तेल लावत होती. तिचं बोट खोलगट भागात गेलं आणि साडू शाळकरी पोरासारखे खुदकन हसले. पाय ओढून घेतला, मग स्वतःच पुन्हा पुढे केला. गुदगुली मेंदूपर्यंत कशी पोचते, ते आता सांगतील म्हणून मी उभाच होतो. पूर्वी एवढ्यात तास सुरू झाला असता. आता ते अक्काच्या बोटाकडे बघत होते. मी अजून थोडा वेळ वाट पाहिली. मग चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.