कॅसेट संपायची ती जागा

दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि जबडा बधिर होईपर्यंत मला खुर्चीत आडवं ठेवलं. कोपऱ्यातल्या रेडिओवर नव्वदच्या दशकाच्या शेवटाचं एक पॉप गाणं लागलं. तेव्हा ते टीव्हीच्या काउंटडाउनमध्ये कित्येक आठवडे पहिलं होतं. माझ्या मते ते तेव्हाही फालतू होतं. यमकासाठी ओढून आणलेला चंद्र, आणि गळ्यापेक्षा केसांवर जास्त मेहनत घेतलेला गायक. माझं मत अजूनही तेच आहे.

ताईला मात्र ते फार आवडायचं. काउंटडाउनमध्ये गाण्यांचे तुकडेच दाखवायचे, म्हणून आम्ही दोघांनी मिळून एक कोरी कॅसेट दुकानातून भरून आणली. दुकानदाराने हे गाणं अगदी शेवटी घातलं, आणि दुसऱ्या कडव्याच्या मध्यावरच टेप संपली. खट्‌कन बटण वर यायचं. पुढचं ताई स्वतःच म्हणायची, मनाला येतील ते शब्द घालून. "असंच आहे ते," असं वर ठासून सांगायची. मी चिडायचो.

ताई गेल्या वर्षी गेली.

आज गाणं त्या जागेपाशी आलं तेव्हा मी सवयीने बटणाच्या आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही. गाणं तसंच पुढे गेलं आणि राहिलेलं कडवं मी पहिल्यांदाच ऐकलं. शब्द बरे होते. पण मला ते सगळे चुकीचे वाटले.

डॉक्टरांनी हिरडीला टोचून पाहिलं. "काही जाणवतंय?"

मी मानेनेच नाही म्हटलं.