खालच्या ओळीतली हाक

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. डिश बसवणं, टीव्ही नेटला जोडून देणं हा माझा धंदा. मुरबाडच्या आसपास कुणाच्या टीव्हीत "काहीतरी दिसतं" म्हणून बोलावणं आलं की मी जातो, आणि वायरच सैल निघते. तेव्हा खाली कमेंटमध्ये "भास झाला असेल" असं लिहिणार असाल तर जरा दम धरा… हे मी एकट्याने नाही, भर दुपारी घरातल्या तिघांनी पाहिलंय.

आमचं घर मुरबाड-म्हसा रस्त्याला लागून. घरात मी, काकी आणि माझी धाकटी बहीण वनिता. आई मागच्या वर्षी गेली. वनिता जन्मापासून बहिरी. ओठ वाचते, खुणा करते, जाड आवाजात थोडं बोलते. वाचनात मात्र माझ्यापेक्षा फास्ट.

तिला रहस्यमालिकांचं वेड. दर रविवारी अ‍ॅपवर एका मराठी मालिकेचा नवा भाग यायचा, नाव देत नाही. संवाद खाली मराठीत उमटायचे. कंसात आवाजसुद्धा… [पावलांचा आवाज], [कुत्रं भुंकतं]. आणि प्रत्येक भागाला मालिकेच्या नावाखालची ओळ बदलायची. 'खोटं बोलणारे दोघं आहेत', 'चावी आतून फिरली'… त्या ओळीवरून वनिता खुनी ओळखायची. आम्ही कान असलेले हरायचो.

त्या रविवारी तिची बॅग भरून तयार होती. वाशिंदच्या एका फॅक्टरीत पॅकिंगचं काम मिळालं होतं, राहायला दोन मैत्रिणींची खोली. दुसऱ्या दिवशी निघायचं. काकीचा सक्त विरोध.

"पोरीला ऐकू नाय येत. तिथं काय झालं तर कोन बघंल?"

वनिताने ओठ वाचले आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मी."

दुपारची जेवणं झाली, भाग लावला. नावाखाली ओळ आली… 'आज घराबाहेर कुणीही जाणार नाही'.

"बघ," काकी म्हणाली. वनिता हसली. तिला वाटलं, खुनी घरातलाच.

पुढे इन्स्पेक्टर आणि हवालदार जीपमधून चाललेले. इन्स्पेक्टर पोस्टमॉर्टेमबद्दल बोलतोय, मला स्पष्ट ऐकू येतंय. आणि खाली अक्षरं आली…

बायो, थांब गो.

मग… उन्हाची कुठं चाललीस?

मी टीव्हीच्या जवळ सरकलो. काकीने पदर तोंडाला लावला. "आय हाय रे तुझी…"

वनिता आमच्या तोंडांकडे बघत राहिली. तिला काहीच कळेना, आणि कळणार तरी कसं? आई ही हाक तिच्या पाठीमागून मारायची. वनिता रस्त्याकडे निघाली की दारातून ओरडायची, "बायो, थांब गो!" पोरीला ऐकू येत नाही हे माहीत असून. मग स्वतः धावत जाऊन तिचा हात धरायची. जन्मात एकदाही ती हाक वनिताने ना ऐकली होती, ना ओठांवर पाहिली होती.

मी खुणांनी सांगितलं. आई. तुला. मागून.

ती स्क्रीनकडे वळली. काकी म्हणाली, "आता तरी नको जाऊ. भगताला विचारू."

"कुणाला काही विचारायचं नाही," मी म्हणालो.

वनिता उठली. टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली आणि तिच्या त्या जाड, तुटक आवाजात म्हणाली, "नाय. मी जाणार."

जीप धावत होती, इन्स्पेक्टर बोलत होता, खाली एक अक्षर नाही. मग एकच ओळ उमटली…

[दार उघडल्याचा आवाज]

त्या सीनमध्ये दार नव्हतं. उघडी जीप आणि घाट.

मी लगेच भाग मागे नेला. नावाखाली वेगळीच ओळ… 'जीपमध्ये तिसरा कोण होता?' पोस्टमॉर्टेमचे संवाद शब्दन् शब्द बरोबर. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, मोबाइलवर पाहिलं. काही नाही. कस्टमर केअरची मुलगी म्हणाली, "सर, आमच्याकडे तसं दिसत नाही."

सोमवारी सकाळी तिला सोडायला मुरबाडच्या एसटी स्टँडवर गेलो. शहापूरची गाडी लागली, वाशिंदला तिथून पुढे जायचं. चढायच्या आधी तिने माझ्या गळ्यावर तळवा ठेवला. "आईची हाक. कशी? बोल."

स्टँडवर सगळे बघत होते. बघू देत. मी मोठ्याने ओरडलो, "बायो, थांब गो!" तिने मान हलवली… पुन्हा. मी पुन्हा ओरडलो. तिचा हात माझ्या गळ्यावर थरथरत होता, की माझाच गळा, कोण जाणे. मग तिने डोळे पुसले, बॅग उचलली आणि गाडीत चढली. थांबली नाही.

आता ती तिथे पोरींना काम शिकवते. काकी अजून म्हणते, भगताला विचारायला हवं होतं. मित्र म्हणतात सर्व्हर, कुणी म्हणतं तिघांना एकदम भास. म्हणा. एवढ्या वर्षांच्या धंद्यात मला न सापडलेला हा एकच फॉल्ट. उत्तर माझ्याकडे नाही, आणि तो बिघाडच होता असं माझ्याकडून कुणी वदवूनही घेऊ शकणार नाही.