पाकिटावरचा शेरा

भिंगकाकांनी चाळीस वर्षांत एकही नाणं पुसलं नाही. रुमालानं चष्मा पुसायचे, भिंग पुसायचे, बसायची खुर्चीसुद्धा पुसून घ्यायचे. नाण्याला मात्र कापड लागू देत नसत. हे आधी लिहिते, कारण ते गेल्यावर दोन महिन्यांत त्यांच्या नाण्यांचं जे केलं गेलं, ते अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

ते एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर रोज दुपारी नळदुर्गच्या आमच्या वाचनालयात येत. मी तिथली ग्रंथपाल. खिडकीजवळच्या टेबलावर एक नाणं, भिंग आणि कागदी पाकीट एवढाच त्यांचा पसारा. नाणं किती चांगल्या स्थितीत आहे ते ठरवायचं आणि तसा शेरा पाकिटावर लिहायचा: न वापरलेलं, किंचित झिजलेलं, बरं, झिजलेलं. पहिल्या दिवशी मी एक नाणं उचललं तर म्हणाले, "बाई, कडेला धरा. बोटाचा घाम बसला की निघत न्हाय."

निजामाच्या रुपयावर चारमिनार असतो. मनोऱ्यांची टोकं सगळ्यांत उंच, म्हणून आधी झिजतात. काका तिथून बघायला सुरुवात करीत. मग नाणं उजेडात हळूहळू कलतं करीत. टाकसाळीची चमक नाण्याबरोबर फिरते, घासून आणलेली एका जागी बसून राहते, हे मला त्यांनी दाखवलं. दोन बाजूंतली जी पडकी, म्हणजे जास्त झिजलेली, तिच्यावरून शेरा द्यायचा.

"आणि माणसाचं?" मी एकदा थट्टेनं विचारलं.

"माणसाची बरी बाजू धरायची. न्हायतर म्या गाडीत एक पॅसेंजर चढू दिला नसता."

अणदूरचे एक आजोबा कनवटीला रुपया बांधून आले होते. चित्र जवळजवळ गेलेलं. काकांनी बराच वेळ पाहिलं. "झिजलंय, आजोबा."

"म्हंजी कामाचं न्हाय म्हणा की."

"असं कसं? लई हातांतून गेलंय. झिजणं ह्यो काय गुन्हा न्हाय. तेवढं घासू नका."

घरात मात्र घासणं टळलं नाही. काकूंनीच मला सांगितलं. तांब्याबरोबर त्यांनी काळवंडलेला एक रुपयाही चिंच लावून लख्ख केला आणि कौतुकानं काकांपुढं ठेवला. काकांनी तो उजेडात कलता करून पाहिला. मग म्हणाले, "ही चमक तुझ्या हाताची हाय. रुपयाची न्हाय." पाकिटावरचं 'किंचित झिजलेलं' खोडून त्यांनी 'धुतलेलं' लिहिलं.

"माझ्या कामाला नावं ठेवता व्हय?" काकूंनी विचारलं.

"तुझ्या कामाला न्हाय. पाकिटानं खोटं बोलू नये."

आपण शिकलो त्या शाळेला सगळी नाणी द्यायची, पाकिटांसकट, म्हणजे पोरांना बघायला शिकता येईल, एवढीच त्यांची इच्छा होती. काका गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी काकूंनी नाण्यांची पेटी शाळेच्या हवाली केली. झाकणावर काकांनी लाल शाईनं लिहिलं होतं: पुसू नये.

शाळेनं काकांच्या नावानं नाण्यांचं दालन केलं. त्याच्या उद्घाटनाला काकू आणि मी तासभर आधी गेलो. काचेच्या कपाटात निळ्या मखमलीवर नाणी झगमगत होती. सगळी. मी एक मागून घेतलं, खिडकीपाशी नेऊन कलतं केलं. चमक जागची हलली नाही.

"शिपायाला दोन दिवस लागले," मुख्याध्यापक अभिमानानं म्हणाले. "लिंबू आणि राख. काळी नाणी पाहुण्यांना काय दाखवायची, मॅडम? काकांच्या नावाला शोभायला हवं."

"झाकणावरचं वाचलं नाहीत?"

"वाचलं की. पण ते मुलांसाठी असेल, असं वाटलं."

वाचनालय शाळेपासून दहा मिनिटांवर आहे. एक माणूस पाठवून विचारायचं यांना सुचलं नाही. प्रत्येक नाण्यापुढं काकांच्या बारीक अक्षरातलं पाकीट मांडलेलं होतं: न वापरलेलं, किंचित झिजलेलं. मी म्हटलं, हे शेरे आता खरे नाहीत, बदलावे लागतील. मुख्याध्यापकांनी आवाज खाली आणला. "राहू द्या हो. कुणाला कळतंय?"

त्यांची बरी बाजू धरायचा मी प्रयत्न केला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मलाही समजतं. पण एका माणसानं आयुष्यभर ज्याच्या विरुद्ध शेरे लिहिले, तेच त्याच्याच अक्षराआड खपवायला निघालेला माणूस मला त्या दिवशी दोन्ही बाजूंनी पडकाच दिसला.

मी पेन काढलं. काकू शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि एकेक पाकीट पुढं सरकवू लागल्या. मी खोडायची आणि खाली लिहायची: धुतलेलं. पाहुणे आले, दारात ताटकळले. मुख्याध्यापक दोनदा घसा खाकरून गेले. मी हात थांबवला नाही.

शेवटचं पाकीट काकूंनी पुढं केलं नाही. ते हातात कडेला धरून बसून राहिल्या. त्यावर काही लिहायचं नव्हतं. काकांनी ते आधीच लिहून ठेवलं होतं.