शिक्क्याखालची सही

हाज मफद्दल बेन्निस यांनी आयुष्यात वाचलं कमी आणि शिक्के मारले फार. मोरोक्कोतल्या फेस शहरात त्यांचा किटल्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन मोठ्या खोल्या, सव्वीस कामगार आणि निकेलचा मुलामा द्यायची एक टाकी. किटली उत्तम. चहा कितीही उंचावरून ओता, तोटीतून शेवटचा थेंब टेबलक्लॉथवर पडणार नाही, याची हमी हाज स्वतः देत, आणि ती हमीही छापील कागदावर शिक्का मारूनच देत.

शिक्का शिंगाच्या मुठीचा होता. त्यावर कोरलं होतं, 'मफद्दल बेन्निस आणि पुत्र'. तो लग्नाआधी बनवून घेतला होता, म्हणजे त्या वेळी तो अंदाज होता. पुढे तीन मुली झाल्या. शिक्का बदलायचा का, असं कुणी विचारलं तर हाज म्हणत, कोरलेलं आहे ते राहू दे, नातू होतील. नातू झाले तेही जावयांच्या आडनावाचे. शिक्का तसाच राहिला.

बिलं, पावत्या, पत्रं यांवर तो उमटायचाच. मुलींच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवरही उमटायचा, त्यामुळे तिघी मुली काही वर्षं किटल्यांच्या मालासारख्या वरच्या वर्गात पाठवल्या गेल्या. त्यांच्या बायकोचं, लाला हनियाचं, म्हणणं असं की लग्नाच्या करारनाम्याच्या वेळीही नवरदेवाचा हात खिशाकडे गेला होता, काझीच्या माणसांनी वेळीच अडवलं.

मी कोर्टासमोर अर्ज लिहायला बसतो. चष्मा असल्यामुळे लोक मला फकीह म्हणतात, म्हणजे चार बुकं शिकलेला. हाजची पत्रंही बरीच वर्षं मीच लिहीत आलो, म्हणून पुढचं मला ठाऊक आहे.

शाबान महिना चालू होता. रमजानच्या आधी किटल्यांना मागणी असते आणि हाजना श्वास घ्यायला फुरसत नसते. अशा गडबडीत कोर्टाचा बेलीफ पाकीट घेऊन आला. हाजनी त्याला बसवलं, चहा पाजला, त्याच्या आईची तब्येत विचारली, पोचपावतीवर शिक्का मारला आणि पाकीट डाव्या खणात टाकलं. डावा खण 'नंतर वाचायच्या' कागदांचा. तो खण अनेक वर्षं भरत होता आणि 'नंतर' अजून उजाडायचं होतं.

पाकिटात सुनावणीची तारीख होती. पत्रा पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचे पैसे वर्षभर थकले होते, आणि कंपनीचं दिवाळं निघालंय, असा अर्ज त्यानं केला होता. तारखेला कंपनीचं नाव तीनदा पुकारलं गेलं. कंपनी त्या वेळी निकेलच्या टाकीपाशी उभी राहून तोट्या तपासत होती. कोर्टानं कागद पाहिले, कागदावर शिक्का पाहिला, आणि कंपनी मोडीत काढून विकायचा हुकूम दिला.

मग कोर्टानं नेमलेला कारभारी आला. सी थामी त्याचं नाव. सभ्य, बारीक, नेहमी करड्या सुटात. त्यानं किल्ल्या, चेकबुक आणि शिक्का मागितला. किल्ल्या हाजनी लगेच दिल्या. चेकबुक चहानंतर दिलं. शिक्का द्यायला दुपारची नमाज होऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, अर्ज लिही, शिक्का परत मिळावा.

मी विचारलं, "आणि कारखाना?"

"कारखाना शिक्क्याच्या मागोमाग येईल."

मी त्यांना समजावलं की शिक्का ज्या हुकमानं गेला त्या हुकमावर अपील करायला हवं. दहा दिवसांची मुदत आहे, त्यातला एक गेला. मुदत टळली की टाकी, साचे आणि पत्रा लिलावात जाणार आणि सव्वीस माणसं घरी. हाज विचारात पडले. मग त्यांनी असा मुद्दा काढला की मी चष्मा काढून पुसला. अपील कंपनीचं. कंपनीच्या कागदावर कंपनीचा शिक्का हवा. शिक्का कारभाऱ्याकडे. म्हणजे कारभाऱ्याला हटवायच्या कागदावर शिक्का कारभाऱ्यानंच मारायचा. मी म्हटलं, हे वकिलाला विचारा. हाज मात्र उत्तर शोधायला थेट सी थामीकडे गेले.

सी थामीनं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "हाज, तुमचं दिवाळं निघालं म्हणून मला नेमलंय. आता मीच शिक्का मारून लिहू का, की निघालं नाही?"

"एकदाच मारा," हाज म्हणाले. "लगेच पुसून परत ठेवा."

यात दोन दिवस गेले. पुढचे दोन दिवस नवा शिक्का कोरून घेण्याच्या खटपटीत गेले. कोरणारा त्यांचा मावसभाऊ, पण त्यानं पेपरातली दिवाळ्याची जाहिरात वाचलेली होती. म्हणाला, भाऊ, तुरुंगात तुला किटली आणून देईन, शिक्का नाही. सहाव्या दिवशी लाला हनियानं पायघोळ जेलाबा अंगावर चढवला, नवऱ्याला पुढे घातलं आणि उस्तादा बतूलच्या ऑफिसात नेऊन बसवलं. बतूल त्यांच्या गल्लीत वाढलेली, आता मोठी वकील. लहानपणी हाजच्या कारखान्यातून तोट्या पळवून शिट्टीसारख्या वाजवायची.

हाजनी आपला मुद्दा तिच्यापुढे मांडला. ती हसली नाही. म्हणाली, "हाज, मुद्दा बरोबर आहे. कायद्यालाही तो सुचला होता."

मग तिनं सांगितलं ते असं. किल्ल्या, चेकबुक, शिक्का, माल, सगळं कारभाऱ्याकडे जातं. एकच गोष्ट जात नाही. 'हे दिवाळं मला मान्य नाही' असं वरच्या कोर्टात म्हणायचा हक्क. तो मालकाकडेच राहतो, कारण तोही काढून घेतला तर तक्रार करायला कुणी उरणारच नाही.

हाजना ते पटलं. त्यांनी विचारलं, "मग त्यावर शिक्का कोणता?"

"शिक्का नाही. तुमची सही."

लाला हनिया खिडकीबाहेर बघत राहिली.

हाजना सही नव्हती असं नाही. शिक्क्याच्या खाली एक वळवळती रेघ असायची, पण ती शाईत बुडून जायची, चाळीस वर्षांत ती धड कुणी पाहिली नव्हती. आता कोऱ्या कागदावर ती एकटी काढली तेव्हा बेडकाचं पिल्लू पाण्याबाहेर पडल्यासारखी दिसली. दुसरी वेगळी आली. तिसरीला शेपूट नव्हतं. ओळखपत्रावरची चौथ्याच जातीची.

"आधी हे पिल्लू घरी पाळा," बतूल म्हणाली. "परवा आणा. आणि तुमच्या खणात काय काय होतं ते सांगा. कंपनी तगेल हे मला दाखवायचंय."

खणात काय होतं हे हाज सांगू शकले नाहीत, कारण ते वाचलेलं नव्हतं. पण सी थामीच्या यादीत होतं: 'न उघडलेली पाकिटं, एकसष्ट'. बतूलनं त्याच्याकडे प्रती मागितल्या. सी थामीनं एकेक पाकीट उघडून प्रती दिल्या आणि त्यातली एक स्वतःहून वर ठेवली. मेक्नेसचा एक माणूस लग्नांना तंबू आणि भांडी भाड्यानं देतो. त्यानं अठराशे किटल्यांची ऑर्डर पाठवली होती, निम्मे पैसे आगाऊ द्यायला तयार. पत्र चार महिन्यांपूर्वीचं. पोचपावतीवर शिक्का ठसठशीत.

"म्हणजे पैसे दाराशी आले होते," लाला हनिया म्हणाली, "आणि यांनी त्यांना चहा पाजून खणात घातलं."

दोन दिवस हाज माझ्या टेबलाशेजारी स्टुलावर बसून जुन्या फॉर्मांच्या पाठीवर सही गिरवत होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, म्हातारा शाळेत बसलाय. निकाह, वारसा, भाडं, सगळ्या फॉर्मांच्या पाठी संपल्या तेव्हा पिल्लाला कायमचं शेपूट आलं. आठव्या दिवशी बतूलनं अपील पुढे ठेवलं आणि म्हणाली, आधी वाचा. हाजनी बोट ठेवून वाचायला घेतलं. पाच पानांना दीड तास लागला. शेवटी त्यांनी चूक काढली: कामगार चोवीस लिहिलेत, सव्वीस आहेत, दोघी पॉलिशवाल्या राहिल्या. बतूलनं दुरुस्त केलं. मग त्यांनी सही केली, उघड्यावर, आणि शिक्का नसलेल्या त्या कोऱ्या जागेकडे असं पाहिलं की जणू पागोट्याशिवाय मशिदीत आलेत.

दोन महिन्यांनी वरच्या कोर्टात सुनावणी झाली. न्यायाधीशबाईंनी पहिल्यांदा पोचपावतीच वर धरली. "हा शिक्का तुमचा ना? मग तारखेला का आला नाहीत?"

बतूलनं त्यांना काय बोलायचं ते घोटवून दिलं होतं. हाज ते विसरले.

"शिक्का माझा आहे, बाई," ते म्हणाले. "वाचलं मात्र कुणीच नाही. पण हे अपील मी वाचलंय. त्यात चोवीस होतं, मी सव्वीस केलं."

न्यायाधीशबाईंनी कागदात मान घातली आणि थोडा वेळ वर काढली नाही.

मोडीत काढायचा हुकूम रद्द झाला. अठराशे किटल्या करून द्यायच्या, पत्रेवाल्याला हप्त्यानं फेडायचं, तीन वर्षं सी थामीनं देखरेख ठेवायची, असं ठरलं. पत्रेवाल्यानं कुरकुर केली आणि पुढच्या आठवड्यात पत्रा पाठवला, रोखीनं.

शिक्का परत द्यायला सी थामी स्वतः कारखान्यात आला. मीही तिथं होतो. टाकी पुन्हा उकळत होती. सी थामीनं रुमालात गुंडाळलेला शिक्का टेबलावर ठेवला आणि पावती पुढे सरकवली. हाजनी शिक्क्याला हात लावला नाही. चष्मा लावला, पावती उचलली आणि वाचायला बसले. ओतलेला चहा थंड झाला. सी थामीनं घड्याळ पाहिलं, मग पाहायचं सोडून दिलं.

"इथं 'लाकडी मूठ' लिहिलंय," हाज म्हणाले. "मूठ शिंगाची आहे."

सी थामीनं पेन काढून 'लाकडी' खोडलं, 'शिंगाची' लिहिलं. हाजनी ते पुन्हा वाचलं. मग खाली सही केली: स्वच्छ, शेपटासकट. मी मनात म्हटलं, शिकले.

पण त्यांचा डावा हात शाईच्या पॅडकडे गेला होता. त्यांनी शिक्का उचलला, दोनदा फुंकर मारली आणि बरोब्बर सहीवर दाबला. 'आणि पुत्र'खाली पिल्लू पुन्हा बुडालं.

"आता," हाज सी थामीला म्हणाले, "पावती झाली."