इंग्रज जमीनदार आणि माझे सासरे

माझ्या सासऱ्यांचं एका इंग्रज जमीनदाराशी वैर होतं. जमीनदार राहायचा इंग्लंडातल्या एका जुन्या टीव्ही मालिकेत आणि सासरे राहायचे भामरागडच्या अलीकडच्या एका गावात, धानाच्या बांधावर. दोघांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. ती मी घालून दिली.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी चंद्रपूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होतो आणि सुनंदा तिथल्याच दवाखान्यात नर्स होती. आमचं लग्न ठरलं. आम्ही बौद्ध, मुहूर्ताची भानगड नाही. कोणतीही तारीख चालणार होती. या 'कोणत्याही'मधून मी नेमका जुलै निवडला! (मे महिन्यात माझं शिक्षकांचं प्रशिक्षण होतं आणि त्यात मी पहिला येणार होतो. आलो चौदावा.)

जुलैत तिकडच्या नद्या रस्त्यावरून चालतात. सासरे नवं धोतर नेसून, फेटा बांधून लग्नाला निघाले आणि पुलावर पाणी म्हणून काठावरच बसले. तीन दिवस बसले. शेवटी पोलीस ठाण्याच्या वायरलेसवरून निरोप आला, "लगन थांबवू नोका." आणि एकुलत्या एका पोरीचं लग्न बापाविना लागलं. सुनंदा विहारात रडली, ती सासरी जायचं म्हणून नव्हे, हे मलाही कळत होतं. तेव्हा निदान सासऱ्यांना बघायला मिळावं म्हणून मी लग्नाची व्हिडिओ कॅसेट करवून घेतली. माझ्या हातून झालेलं तेवढं एकच शहाणपणाचं काम. तेही मी नीट राहू दिलं नाही.

त्या दिवसांत मला इंग्रजी उच्चार सुधारण्याचं वेड लागलं होतं. त्यासाठी व्हिडिओ लायब्ररीतून ही जमीनदाराची मालिका आणली होती. दगडी वाडा, धुकं, घोड्यावर म्हातारा, मागे कुत्रा. रोज लावायचो, आरशासमोर ओठ वाकडे करायचो आणि विसाव्या मिनिटाला झोपायचो. उच्चार फारच शुद्ध होते. एकही शब्द कळत नसे!

दोन्ही कॅसेटी काळ्या, दोन्ही बिननावाच्या.

"नाव लिहून ठेवा न," सुनंदा म्हणाली.

"माझ्या लक्षात आहे," मी म्हणालो.

दिवाळीत रस्ता मोकळा झाला. अहेरीहून भाड्याचा टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर जीपमध्ये घालून आम्ही गावी पोचलो. शाळेच्या खोलीच्या खिडक्यांना भरदुपारी घोंगड्या लावल्या. तीन गावांची माणसं पायी आली होती. सासरे पुढच्या ओळीत, तेच जुलैतलं धोतर नेसून. सासूबाई त्यांच्या शेजारी, पदर आधीच डोळ्यांपाशी नेऊन तयार. मी ऐटीत कॅसेट सरकवली.

पडद्यावर धुकं आलं.

धुक्यातून घोडा आला.

"नवरदेव आला, नवरदेव आला!" पोरं ओरडली.

सासूबाईंनी डोळे बारीक केले. "नवरदेव कुठी? हा त बुढा हाये!"

"जवाईबापू, हे तुमच्या इकडले पाव्हणे का?" सासऱ्यांनी विचारलं.

आणि मी (का, ते आजही सांगता येत नाही) म्हणालो, "हो."

"गोरे हायेत," सासरे आदराने म्हणाले.

पाव्हण्यांनी घोड्यावरून उतरून कुत्र्याला कुरवाळलं, मग नोकराच्या अंगावर खेकसले. एवढ्यात मागून सुनंदाचा आवाज आला, इंजेक्शन देतानाचा. "बाबा, कॅसेट चुकली. लगनाची चंद्रपुरातच राह्यली."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त मान हलवून "असू द्या, असू द्या" म्हणाले, आणि फेटा काढून मांडीवर ठेवला. मला घोंगडीमागे लपावंसं वाटलं.

पण जनरेटर धडधडत होता आणि लोक सात-आठ मैल चालून आले होते. कोणीतरी म्हणालं, "चालू राहू द्या न! मास्तर इंग्रजीच शिकवते. सांगतीन आपल्याले."

झालं! मी टीव्हीशेजारी उभा राहिलो. पहिली वीस मिनिटं पाठ होती. पुढे माझ्यासाठी घनदाट जंगल. पडद्यावर एक तरुण पोरगी रडायला लागली.

"ही त्याची मुलगी," मी ठोकून दिलं.

"काऊन रडून राह्यली?"

"तिचं एका मुलावर प्रेम आहे. मुलगा गरीब, पण फार हुशार. शिक्षक आहे." (संधी मिळाली की माणूस आपल्या धंद्याची जाहिरात करतोच.)

"मंग बापाले काय अडचण हाये?"

"बाप गर्विष्ठ आहे. लग्नाला नाही म्हणतो."

खोलीभर 'च्यक् च्यक्' झालं. मला सूर सापडला! म्हातारा खोकला, मी म्हणालो, शिव्या देतोय. नोकराने चहा आणला, मी त्यात विष कालवलं. (नंतर म्हातारा तो चहा पिऊन टवटवीत झाला, तेव्हा विष जुनं होतं असं सांगावं लागलं.) शेवटी चर्चमध्ये घंटा वाजली, पोरगी पांढऱ्या झग्यात लग्नाला उभी राहिली, आणि इकडे जमीनदार चांगले कपडे घालून वाड्यात खुर्चीवर एकटाच बसलेला. पायाशी कुत्रा.

"लगनाले गेला नाई?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही, मामाजी. हट्ट."

सासरे उठून उभे राहिले. बोट पडद्याकडे रोखलं. "तुह्या घरी घोडा हाये. रस्ता कोरडा हाये. देऊळ त्या खिडकीतून दिसून राह्यलं. तुले कोणती नदी आडवी आली रे?"

आणि ते ताडताड बाहेर निघून गेले. मागून सुनंदा गेली. मी जनरेटर बंद केला. संध्याकाळभर बाप-लेक ओसरीवर बसले होते आणि मी गोठ्यात, उगाच बैलांना पाणी दाखवत.

चंद्रपूरला परतलो तर कपाटात लग्नाची कॅसेट नव्हती! निघण्यापूर्वी मालिकेची समजून लायब्ररीला परत केली होती ती हीच. धावत गेलो. मालक म्हणाला, "चार घरी जाऊन आली, सर. तक्रार कोणाची नाई. एवढंच म्हणते लोक, का पिक्चर बरा हाये, पण हिरो असा काऊन घेतला?"

मे महिन्यात पुन्हा तोच टीव्ही, तीच खोली. यावेळी सुनंदाने कॅसेट स्वतः घरी लावून पाहिली, तिच्यावर नाव लिहिलं आणि प्रवासभर स्वतःच्या पिशवीत ठेवली. सासऱ्यांनी लेकीचं लग्न पाहिलं. एकदा पाहिलं, उलटं फिरवून पुन्हा पाहिलं. फेट्याचं टोक ओलं झालं. मग नाक शिंकरून म्हणाले, "आता त्या बुढ्याले लावा."

त्यांनीच निरोप धाडून ती कॅसेटही मागवली होती! लोक सरसावून बसले. मी मागच्या वेळचं शब्दन् शब्द आठवत सुरू झालो. चुकलो तिथे पोरांनी दुरुस्त केलं. पण या खेपेला एक नवीन माणूस होता. आरोग्य केंद्रात नुकता आलेला डॉक्टर, मिशनरी शाळेत शिकलेला. तो आधी हसला, मग खोकला, मग राहवेना तेव्हा बोललाच.

"सर, ती त्याची मुलगी नाही. स्वयंपाकीण आहे. नवरा शिक्षक नाही, घोड्यांचा डॉक्टर आहे. आणि म्हातारा लग्नाला जात नाही कारण त्याच्या पायाचा अंगठा सुजलाय. चार वेळा सांगितलं त्याने."

शंभर डोळे माझ्याकडे वळले. मी जनरेटर बिघडण्याची प्रार्थना केली. जनरेटर इतका सुरळीत कधी चालला नव्हता.

सासरे सावकाश डॉक्टरकडे वळले. "डाक्टरसाहेब, तुमाले पायाचं समजते म्हणून तुमाले पायच दिसून राह्यला. आमचे जवाई इंग्रजीचे मास्तर हायेत. ते म्हणते हट्ट, त हट्टच." मग पडद्याकडे पाहून जरा मऊ आवाजात म्हणाले, "पण बिचारा एकटा बसून राह्यला. मनात पोरगीच असंन."

माझ्या बाजूने इतकं ठाम आजवर कोणी बोललं नव्हतं, आणि इतक्या चुकीच्या गोष्टीसाठी तर मुळीच नाही!

परतीच्या एस्टीत सुनंदाने मला कोपराने ढोसलं. "खरं सांगा. त्यातलं एक तरी वाक्य समजलं होतं तुमाले?"

"एक समजलं होतं," मी छाती काढून म्हणालो. "पहिलंच. नोकर म्हणतो, 'गुड मॉर्निंग.'"

सुनंदाने पिशवीतल्या कॅसेटवरचं नाव एकदा तपासलं.

"नोकराच्या हातात कंदील होता," ती म्हणाली. "'गुड इव्हनिंग' म्हटलं त्यानं."