फ्रिजवरच्या कागदावर न लिहिलेली खीर

नातवाला पाच दिवस शी झाली नव्हती आणि त्याचं कारण मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणी माझ्याबद्दल चांगलं काही गृहीत धरायला नको.

मी चंदनसारला अंगणवाडीत काम करते. सकाळ तिकडे जाते, दुपारी दोननंतर मी बोळिंजला घरी असते. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळांच्या आयांना वरचं खाणं कसं सुरू करायचं, ते मी वाटी-चमचा घेऊन करून दाखवते. चमच्यावरून ओघळणार नाही इतकं दाट हवं. एका वेळी एकच नवा पदार्थ द्यायचा आणि दोन-तीन दिवस थांबायचं. बाळाला जुलाब होत असतील तर औषधपाण्याबरोबर खायला कच्चं केळं उकडून, भातात कुस्करून द्यायचं, त्याने शी बांधून येते. आणि उलट कोणी म्हणाली, "बाई, पोराला खडा धरलाय," तर पपई, शिजवलेली पालेभाजी, मनुका भिजवून कुस्करलेलं पाणी, वरणभातावर तूप, खाण्याबरोबर दोन-चार चमचे पाणी. मागून काही घालायचं नाही. साबणाची कांडी नाही, पानाचा देठ तर नाहीच. हे सगळं मी इतक्या वेळा बोलले आहे की बोलताना माझं लक्ष खिडकीबाहेर असलं तरी चालतं.

सून कराडकडची. घरून काम करते. सकाळी बाळाला मांडीवर घेऊन कॉम्प्युटरसमोर बसते आणि मी आले की तिच्या मीटिंगा सुरू होतात. बाळाचं दुपारचं खाणं माझ्याकडे. पहिल्या दिवशीच तिने फ्रिजवर एक कागद चिकटवला. वेळ, काय खाल्लं, किती, आणि शी.

"अगं, बाळ आहे की एसटीचं वेळापत्रक?" मी म्हटलं.

"तुमच्या अंगणवाडीत रजिस्टर असतंच ना, आई?" ती म्हणाली.

हुशार आहे, आणि मला ते आवडतं, निदान मी तसं म्हणते.

माझं माहेर भुईगावचं, केळी आणि पानवेलींच्या वाडीतलं. आता वाडी निम्मी उरली आहे, पण भाऊ अजून राजेळी केळी लावतो. आमच्या घरात रीत अशी की उष्टावण झालं की मामाकडून कच्च्या राजेळीचं पीठ येतं. केळी सोलायची, पातळ चकत्या करायच्या, चटईवर कडकडीत वाळवायच्या आणि दळायच्या. त्याची दुधागुळाची खीर. माझा मुलगा या खिरीवर गुबगुबीत झाला, असं मी ज्याला-त्याला सांगत आले आहे.

उष्टावणानंतरच्या रविवारी भाऊ स्कूटरवरून डबा घेऊन आला. स्टीलचा, झाकणाला फडकं बांधलेला.

"घे ताई. भाच्याच्या पोराच्या पोटात मामाकडचं पीठ गेलं नाही, असं नको व्हायला."

सुनेने डबा उघडून वास घेतला. "छान आहे हो, मामा. पण आत्ता नाचणी सुरू केलीय. ती रुळू दे, पुढच्या महिन्यात देऊ."

ती अगदी सरळ, हसून बोलली. मी चंदनसारला जे सांगते तेच ती बोलली. पण भाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, "काय गं ताई, तुझ्या घरात केळ्यालाही नंबर लावावा लागतो होय?"

तो गंमत करत होता. मला मात्र ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टोचत राहिली. सून दार लावून मीटिंगला बसली, मी डबा उघडला आणि खीर केली. नातवाने मिटक्या मारत खाल्ली, चमचा धरून ठेवला, सोडेना. कागदावर मी लिहिलं : नाचणी, अर्धी वाटी.

लिहिताना हात अडखळला नाही. नंतर सलग दहा दिवस अडखळला नाही.

शी आधी घट्ट झाली, मग शेळीच्या लेंड्यांसारखी, मग बंद. नातू लाल व्हायचा, पाय पोटाशी घ्यायचा, कुंथायचा आणि रडायचा. शी बंद झाल्याच्या तिसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे चंदनसारला एका आईला सांगत होते, "कच्चं केळं दे, शी बांधून येईल," आणि तोंडातलं वाक्य पुरं व्हायच्या आत मला कळलं. ती बाई पुढचं ऐकायला थांबली होती. "झालं," मी म्हटलं, "एवढंच."

त्या दुपारी मी खीर बंद केली. डबा वरच्या फळीवर, रव्याच्या डब्यामागे ठेवला. इथेच मी सुनेला सांगितलं असतं, तर ही गोष्ट दोन मिनिटांची होती. मी ठरवलं, आधी निस्तरू, सांगायचं मग बघू. मनुकांचं पाणी दिलं. कोमट पाण्यात बसवलं. पाठीवर झोपवून सायकल चालवल्यासारखे पाय हलवले, बेंबीभोवती गोल हात फिरवला. या गोष्टी योग्य होत्या आणि त्या मी कागदावर ठळक अक्षरात लिहिल्या.

सून कागदासमोर उभी राहायची. सगळं बरोबर होतं, म्हणून ती स्वतःमध्ये चूक शोधायला लागली. आधी तिने स्वतःच्या ताटातली डाळ बंद केली. मग कोबी बंद केला. रात्री तिच्या आईचा फोन यायचा आणि ती गॅलरीत जाऊन हळू बोलायची. एकदा फोन ठेवून आत आली आणि मला म्हणाली,

"आई, माझ्या दुधातच काही कमी असेल का हो?"

मी भांडी पुसत होते. मी म्हटलं, "पाणी कमी पितेस तू. मी बघते ना."

हे वाक्य मला अजून आठवतं. ते खोटंही नव्हतं. ती पाणी कमीच पिते. म्हणूनच ते जास्त वाईट होतं.

चौथ्या दिवशी दुपारी नातू एवढा कुंथला की त्याचं कपाळ घामाने भिजलं. सून मीटिंगमध्ये होती. देव्हाऱ्यापाशी भावाने आणलेली विड्याची पानं होती. माझी आई काय करायची, ते मला आठवत होतं. पानाचा देठ तोडायचा, एरंडेलात बुडवायचा. मी बायकांना नको म्हणून सांगते ते अगदी याच हातांनी केलं. नातू किंचाळला. एक सुका खडा बाहेर आला, आणि त्याला रक्ताची बारीक रेघ होती. आतलं सगळं तसंच आतच राहिलं.

मी त्याला पुसलं, उचललं, थोपटलं. डायपर कागदात गुंडाळला आणि खाली सोसायटीच्या कचऱ्यात टाकून आले. कागदावर काही लिहिलं नाही. त्या खड्याची शी म्हणून नोंद करावी तर रक्ताचं काय, हा मी विचार केला. इतका थंडपणे केला.

पाचव्या दिवशी सकाळी सुनेला लंगोटावर रक्ताचा ठिपका दिसला. ती ओरडली नाही. खाली बसली फक्त. मी अंगणवाडीत फोन करून रजा सांगितली आणि आम्ही मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर तरुण, कमी बोलणारा. सुनेने फ्रिजवरचा कागद घडी घालून आणला होता. त्याने तो पूर्ण वाचला.

"दुपारी कोण भरवतं?"

"या. माझ्या सासूबाई. अंगणवाडीत आहेत, त्यांना सगळं माहीत असतं," सून म्हणाली.

"मग कागदावर शंका नाही," तो म्हणाला. त्याने बाळाचं पोट दाबून पाहिलं, मागची जागा पाहिली. "चिरलंय थोडं. मागून काही घातलं होतं का?"

सून म्हणाली, "नाही हो, मुळीच नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर मी काय केलं असतं, माहीत नाही.

मग त्याने समजावलं. खाण्यात काही दोष दिसत नाही, तरी एवढ्या लहान बाळाचं असं अडतंय, रक्त येतंय. तेव्हा आतड्यात जन्मापासून काही अडचण आहे का, ते बघायला हवं. रक्त तपासायचं, आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जाऊन मागून औषध सोडून एक्स-रे काढायचे. बाळाला धरून ठेवावं लागतं, रडतं, पण इलाज नाही. त्याने चिठ्ठी लिहायला घेतली. पेन चालत होतं आणि मी पेनाकडे बघत होते. चिठ्ठी लिहून झाली. सुनेने घेतली. आम्ही बाहेर आलो आणि रिक्षात बसलो.

हो. बसले मी रिक्षात.

नातू तिच्या खांद्यावर दमून झोपला होता. चिरलेल्या जागेत आणखी काही घालणार होते, माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून. सून बाहेर बघत म्हणाली, "बरं झालं तुम्ही आहात. मी एकटी असते तर मी काय काय चुका केल्या असत्या, कोण जाणे."

मी रिक्षावाल्याला म्हटलं, "मागे घ्या."

"काय राहिलं, मावशी? पिशवी?"

"घ्या हो मागे."

सुनेने विचारलं, "आई, काय झालं?" मी तिला म्हटलं, "आत सांगते, दोघांना एकदमच. दोनदा नाही जमणार मला."

आत दोन पेशंट होते. आम्ही थांबलो. त्या पंधरा-वीस मिनिटांत तिने बाळाला माझ्याकडच्या खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मला वाटतं, तिला तेव्हाच अंदाज आला होता.

आत गेल्यावर मी बसले नाही. पीठ सांगितलं, दहा दिवस सांगितले, किती वाट्या ते सांगितलं, देठ सांगितला. रक्त आधी मी पाहिलं होतं, तेही सांगितलं. डॉक्टरने चिठ्ठी परत मागितली आणि तिच्यावर आडवी रेघ मारली.

"अंगणवाडीत काय सांगता तुम्ही देठाबद्दल?"

"घालू नका म्हणून सांगते."

"चांगलं सांगता," तो म्हणाला. बास, एवढंच. मला ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

त्याने शी मऊ करणारं पातळ औषध दिलं, चिरलेल्या जागेला मलम दिलं. कच्चं केळं पूर्ण बंद; पपई, नासपती शिजवून, भाज्या, खाण्याबरोबर थोडं पाणी, आणि आईचं दूध नेहमीसारखं. सुनेने डाळ-कोबी सोडल्याचं सांगितलं, तर तिला म्हणाला, "तुम्ही तुमच्या ताटातली डाळ परत सुरू करा. तुमचं काही चुकलेलं नाही." चार दिवसांत सुधारलं नाही किंवा उलट्या झाल्या, पोट फुगलं, तर लगेच यायचं, मग मात्र तपासण्या.

म्हणजे अजून चार दिवस मला कळणार नव्हतं की दोष केळ्याचा होता की खरंच काही आत होतं. त्या दिवसांत सून माझ्याशी कामापुरतं बोलली. "मलम कुठेय?" "कपाटावर." मुलाला तिने सांगितलं असावं, कारण तो संध्याकाळी आला आणि डबा फळीवरून काढून खाली ओट्यावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. मग म्हणाला, "मलाही हीच दिली होतीस ना?"

"हो."

"मलाही असंच व्हायचं, असं आजी सांगायची. तू विसरलीस वाटतं."

विसरले होते. गुबगुबीत गाल लक्षात राहिले, कुंथणं विसरले. तेव्हाही देठच घातला होता, आईने, आणि मी पाय धरले होते.

औषधाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी चंदनसारला निघायला चप्पल घालत होते, तेव्हा आतून सुनेने हाक मारली. खूप, मऊ, पिवळसर, रक्त नाही. दोघी वाकून बघत राहिलो. दुसऱ्या कोणत्याही घरात दोन बायकांनी शीकडे एवढ्या भक्तीने पाहिलं नसेल. तिला हसू आलं, मग तिने ते आवरलं. मी पाणी आणून दिलं.

त्या दिवशी दुपारी परत आले तर फ्रिजवर नवा कागद होता. एक रकाना वाढला होता : कोणी भरवलं. मी पपई कुस्करली, भरवली, आणि लिहिलं : पपई, चार चमचे, एक थुंकला. आजी.

गॅलरीत ती आईशी फोनवर बोलत होती. दार उघडं होतं. "झाली गं आज. छान झाली. नाही, तपासणी नाही करायची. अगं, आमच्याकडूनच जरा खाण्यात चुकलं."

आमच्याकडून. तिने मला झाकलं होतं. मी नातवाला कडेवर घेतलं, गॅलरीत गेले आणि फोनसाठी हात पुढे केला. तिने मान हलवली, नको. मी हात तसाच ठेवला.

"विहीणबाई," मी म्हटलं, "आमच्याकडून नाही, माझ्याकडून. हिने नको म्हटलेलं कच्च्या केळ्याचं पीठ मी दहा दिवस गुपचूप दिलं आणि कागदावर नाचणी लिहिली. पानाचा देठही मीच घातला. हिला काही माहीत नव्हतं."

पलीकडे टीव्ही चालू होता तो कोणीतरी बंद केला.

"बरं झालं सांगितलंत," विहीणबाई म्हणाल्या. "मी आठवडाभर हिलाच बोलत होते हो."

मी फोन सुनेच्या हातात दिला. तिने तो कानाला लावला आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिची आई तिकडे काय बोलत होती, मला ऐकू आलं नाही. ऐकू येऊ नये म्हणून मी दार ओढून घेतलं.